गुंता, फणी आणि ३७०० वर्षं

मागच्या महिन्यात ताईच्या दुसऱ्या बाळंतपणामुळे पाच वर्षांची भाची पंधरा दिवस आमच्याकडे राहायला होती. आईचा उजवा हात नेमका प्लॅस्टरमध्ये. त्यामुळे रोज सकाळी शाळेच्या आधी दोन वेण्या घालून देण्याचं काम अस्मादिकांवर आलं. वेणी घालणं मी व्हिडिओ बघून शिकलो. ते वाटतं तितकं अवघड नाही, तीन पेडांची आळीपाळीने अदलाबदल करायची, बस्स. अवघड आहे ते त्याच्या आधीचं काम, म्हणजे गुंता काढणं.

पहिल्या दिवशी मी कंगवा टाळूवर टेकवला आणि सरळ खाली ओढला. अर्ध्यात अडकला. मी अजून जोर लावला. पोरीने भोकाड पसरलं. आणि मी काय म्हणालो असेन? "एवढं काय रडायचं त्यात! झालंच आता." दुसऱ्या दिवशी माझ्या हातात कंगवा बघून ती डायनिंग टेबलाखाली जाऊन बसली. "मामा, तू नको."

हे जरा लागलं. रात्री फोनवर ताईला सांितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "आईसुद्धा मला हेच म्हणायची. एवढं काय रडायचं. शेवटी रोजच्या रडारडीला कंटाळून दुसरीत असताना माझा बॉयकट करून टाकला. सगळ्यांना वाटलं प्रश्न सुटला. माझे केस गेले त्याचं कुणाला काय!" मी तेव्हा अगदीच लहान होतो, मला हे माहीतच नव्हतं.

तर मंडळी, विकांताला बसून जरा शोधाशोध केली. माणसाला केस आहेत तेव्हापासून गुंता असणार. मग इतक्या हजारो वर्षांत यावर कुणी काही डोकं चालवलं की नाही?

सुरुवात कंगव्यापासून करू. आजच्या इस्राएलमध्ये लाखीश नावाचं एक प्राचीन शहर होतं. तिथे २०१६ साली उत्खननात हस्तिदंताचा एक छोटा कंगवा सापडला, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर बाय अडीच सेंटिमीटर. तो साधारण इसवी सनापूर्वी १७०० च्या सुमाराचा, म्हणजे ३७०० वर्षं जुना मानतात. त्याच्यावर बारीक अक्षरं कोरली आहेत हे लक्षात यायला २०२१ उजाडलं आणि २०२२ मध्ये त्याचं वाचन प्रसिद्ध झालं. सगळी मिळून १७ अक्षरं. कनानी लिपीतलं हे आतापर्यंत सापडलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य आहे. आता तुम्हाला वाटेल राजाची आज्ञा असेल, देवाची स्तुती असेल. छे! त्याचा मतलब एवढाच, की या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत. आणि कंगव्याच्या एका दाताच्या बुडाशी उवेचे अवशेषही मिळाले. म्हणजे वापरलेला माल होता. :)

पण मला त्याहून मजेशीर वाटली ती त्याची रचना. एका बाजूला सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक दात. अभ्यासकांचं म्हणणं, जाड दात आधी गुंता सोडवायला आणि बारीक दात नंतर उवा-लिखा काढायला. म्हणजे मोठ्या दाताच्या कंगव्याने आधी गुंता काढायचा, मगच बारीक फणी लावायची, हे आजीचं शहाणपण ३७०० वर्षांपूर्वी हार्डवेअरमध्येच घालून ठेवलेलं होतं. आणि मी पहिल्याच दिवशी माझा खिशातला बारीक दातांचा कंगवा घेऊन गेलो होतो!

दुसरा टप्पा तेलाचा आणि धुण्याचा. इथे आपल्याकडची एक गंमत आहे. 'शाम्पू' हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच उचललाय. मूळ शब्द 'चांपो', म्हणजे दाबा, चेपा. आपली 'चंपी' त्यातलीच. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडला गेले, तिथे १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी खाणावळ काढली, ती बुडाली. मग १८१४ मध्ये ब्रायटनला जाऊन त्यांनी वाफेचं स्नान आणि मालिश असा धंदा सुरू केला आणि तो असा चालला की पुढे चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते अधिकृत 'शाम्पूइंग सर्जन' झाले. तेव्हा शाम्पू म्हणजे अंग रगडणं. केस धुणं हा अर्थ नंतर चिकटला. मूळ कल्पना हाताने चोळण्याची होती, बाटलीची नव्हतीच.

बाटली आली आणि गुंत्याचं गणित बिघडलं. ते कसं ते बघा. साध्या साबणाने केस धुतले तर जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो (बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांतल्या लोकांना हे समजावून सांगायला नको). १९३४ मध्ये अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलने 'ड्रीन' नावाचा कृत्रिम डिटर्जंटवाला शाम्पू आणला. त्याचा साका होत नसे. पण असल्या डिटर्जंटने मळाबरोबर केसांवरचं नैसर्गिक तेलही धुऊन जातं. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात, कौलारू छपरासारखे एकावर एक, टोकाकडे तोंड केलेले. तेल गेलं की हे खवले एकमेकांत अडकतात. केस स्वच्छ, पण गुंता दुप्पट!

मग १९५०च्या दशकात जॉन्सन अँड जॉन्सनचा लहान मुलांचा 'नो मोअर टिअर्स' शाम्पू आला. मला कित्येक वर्षं वाटायचं की हा गुंत्याविषयीच आहे. जालावर तर अशी अफवाच आहे की तो शब्द 'टिअर्स' नसून 'टेअर्स' आहे, म्हणजे केस न तुटता. खरं तसं नाही. तो डोळ्यांतल्या पाण्याविषयीच आहे. त्यातले स्वच्छ करणारे रेणू डोळ्यांना कमी झोंबतात इतकंच. म्हणजे न्हाणीघरातलं रडू कमी झालं, आरशासमोरचं तसंच राहिलं.

आरशासमोरचं रडू कमी केलं ते कंडिशनरने. ओल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, आणि केस जितका झिजलेला तितका जास्त. कंडिशनरमधल्या रेणूंचं डोकं धन प्रभाराचं आणि शेपूट मेणचट. डोकं केसाला चिकटतं, शेपूट बाहेर राहतं, आणि सगळ्यात जास्त थर बसतो तो सगळ्यात झिजलेल्या टोकांना, म्हणजे जिथे गुंता जास्त तिथेच. कपडे मऊ करायच्या द्रवातही याच जातीचे रेणू असतात. डोकं लढवणाऱ्याला सलाम.

आणि खोबरेल तेल? त्यावर चक्क मुंबईत संशोधन झालंय. २००३ मध्ये मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसांतली प्रथिनं वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण त्यातले सरळ, लहान रेणू केसाच्या आत शिरू शकतात. (कंपनी खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनच वाचायचं. पण आकडे मांडून, तपासता येईल असं लिहिलंय.) आत शिरतं ते वेगळं, गुंत्यासाठी बाहेर राहिलेला ओशटपणाच कामाचा.

तो किती कामाचा? इंजिनिअरिंगला शिकलेलं एक सूत्र इथे आठवलं. होडी धक्क्याला बांधताना दोर खुंट्याला दोन वेढे देतात आणि एक माणूस ती सहज धरून ठेवतो, कारण घर्षण प्रत्येक वेढ्यागणिक बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. घर्षणांक ०.३ धरला तर दोन वेढ्यांत ताण सुमारे ४३ पट होतो. घर्षणांक निम्मा, ०.१५ केला तर फक्त साडेसहा पट! केसांचा गुंता म्हणजे असे शेकडो वेढे. थोडंसं तेल लावून ओढ इतकी का कमी होते ते यावरून कळतं. आणि त्या पोरीचं डोकं म्हणजे तो खुंटा. तो दुखणारच. "एवढं काय रडायचं" याचं उत्तर ४३ पट हे आहे.

आता शेवटचं आणि माझं सगळ्यात आवडतं. २०२२ मध्ये हार्वर्डच्या एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी गुंता सोडवण्याचं गणित मांडलं. एकमेकांना पीळ घातलेले दोन धागे घेतले आणि त्यातून विंचरायचा एक दात ओढला. निष्कर्ष असा, की वरून खाली लांब ओढलं तर पीळ खाली ढकलला जाऊन एका जागी गच्च होतो. टोकापासून सुरुवात करून, छोट्या छोट्या झटक्यांनी हळूहळू वर सरकलं तर प्रत्येक झटक्यात थोडा पीळ मोकळ्या टोकातून बाहेर पडतो. महादेवन स्वतः आपल्या लहान मुलीचे केस विंचरायचे, पण धीर कमी पडला म्हणून त्या कामावरून लवकरच काढून टाकले गेले, असं त्यांनीच सांगितलंय. म्हणजे आम्ही एकाच पंगतीतले.

आईला हे सगळं उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "मग? टोकाकडूनच काढतात. हे शिकायला हार्वर्ड कशाला?" मी विचारलं, "तुला माहीत होतं तर ताईचे केस का कापलेस?" आई जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "सात चौदाची लोकल असायची रे. टोकाकडून काढायला वेळ लागतो."

मला वाटतं या सगळ्या इतिहासाचं सार तेच आहे. जाड दात, तेल, कंडिशनर, गणित, प्रत्येकाने घर्षण कमी केलं. पण घाई कमी करणारं काही अजून निघालेलं नाही. आणि ती घाई मोठ्यांची असते, कळ मात्र लहानांच्या डोक्यात जाते. वर आपण त्यांनाच रडके म्हणतो. आईला दोष द्यायला जीभ उचलली नाही. सकाळच्या त्या पंधरा मिनिटांत घरात अजून एक माणूस होता, पेपर वाचत. बाबा.

तर मी गजर वीस मिनिटं आधीचा लावला. हातावर खोबरेलाचे चार थेंब, मोठ्या दातांचा कंगवा, गुंत्याच्या वर केस मुठीत घट्ट धरायचे म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही, आणि टोकापासून सुरुवात. भाची पहिले दोन दिवस खांदे आवळून बसली होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "सुरू केलंस का?" मी म्हटलं, "अगं, अर्धं झालं."

असो. भाची आता तिच्या घरी गेली. गजर अजून तोच आहे, बदलायचा राहिलाय.