शांत मोटरचा इतिहास: माहितीतक्त्यात नसलेला रकाना

कोणत्याही दमदार इलेक्ट्रिक माउंटन बाइकचा माहितीतक्ता उघडून बघा. मोटरची शक्ती वॉटमध्ये, टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये, बॅटरी वॉट-तासात, वजन किलोमध्ये. सगळं आकड्यांत मांडलेलं. पण अशी सायकल घेतलेल्या माणसाला रोज जी गोष्ट छळते, ती बहुतेक तक्त्यांत नसतेच: आवाज. चढावर शिट्टीसारखा, उतारावर खडखडणारा, मधेच गुरगुरणारा.

आज या नसलेल्या रकान्याकडे इतिहासाच्या नजरेनं बघू. संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "विषय सापडतो कसा?" माझं काम तंत्रज्ञानाच्या इतिहासातलं, म्हणून माझं उत्तर तिथलंच आहे. जी गोष्ट मोजली जाते, तिचा इतिहास जवळजवळ आपोआप लिहिला जातो. जी मोजली जात नाही, तिचा कुणीतरी बसून लिहावा लागतो. आणि मिड-ड्राइव्ह मोटरच्या बाबतीत तो लिहायला घेतला की एक गोष्ट लक्षात येते: मोटर शांत होत गेली ती फुकटात नाही. प्रत्येक वेळी शांततेची किंमत कुठेतरी वळती झाली. कधी गिअरच्या दात्यांवर, कधी पट्ट्यावर, कधी मालकाच्या खिशावर.

मोटर मधे आली कशी?

अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ च्या शेवटच्या दिवशी इलेक्ट्रिक सायकलचं पेटंट मिळालं. त्यांची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये होती आणि तिला गिअर नव्हते. मोटर फिरली की चाक फिरलं, मधे दुसरं कुणी नाही. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, बॉस्टनच्या होझिया लिबी यांच्या पेटंटमध्ये मोटर क्रँकच्या आसापाशी, म्हणजे सायकलच्या पोटात सरकली. मिड-ड्राइव्हची कल्पना एवढी जुनी आहे.

पण कल्पना असणं आणि वस्तू रस्त्यावर येणं यात जवळजवळ शतकाचं अंतर पडलं. १९९३ मध्ये यामाहाने जपानमध्ये 'पास' नावाची सायकल आणली. पेडलवर किती जोर पडतोय ते ओळखायचं आणि त्या प्रमाणात मोटरने हातभार लावायचा, ही तिची युक्ती. मोटर २३५ वॉटची होती. पुढे बॉशने २०१० मध्ये आपली प्रणाली दाखवली, २०११ पासून ती बाजारात आली, आणि मिड-ड्राइव्ह युरोपातल्या डोंगरवाटांवर पोचली.

डोंगरात मोटर मधेच का हवी? कारण मधली मोटर चेनमधून जोर देते, म्हणून सायकलचे सगळे गिअर तिच्याही कामी येतात. खडा चढ आला की सोपा गिअर टाकायचा. चाक हळू फिरतं, पण मोटर आपल्या सोयीच्या वेगात राहते. हबमधल्या साध्या मोटरला ही सोय नाही. चाक मंदावलं की तीही मंदावते आणि तापते.

मात्र या सोयीतच आवाजाचं बीज आहे. पेडल मिनिटाला ६० ते ९० वेळा फिरतात, मोटर हजारो वेळा. या दोन वेगांची गाठ घालायला मधे गिअरपेटी लागते. बोल्टनच्या मोटरला जी गोष्ट लागलीच नाही, ती लिबीच्या वाटेने जाणाऱ्याला टाळता येत नाही.

कायद्याने काय मोजलं?

युरोपीय संघात २००२ च्या निर्देशापासून पेडल मारल्यावरच चालणारी, सातत्याने २५० वॉटपर्यंत शक्ती देणारी आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी सायकल ही 'सायकल'च ठरते. भारतातही नोंदणीतून सूट देताना २५० वॉट आणि २५ किलोमीटर हेच आकडे आहेत.

आता कंपनीच्या जागी बसून विचार करा. वॉटचा आकडा कायद्याने बांधलेला, वेगही बांधलेला. मग स्पर्धा करायची कशात? टॉर्कमध्ये. शिमानोच्या २०१६ च्या ई-८००० मोटरचा टॉर्क ७० न्यूटन-मीटर होता, २०२० च्या ईपी-८ चा ८५. २०२४ मध्ये डीजेआय ही ड्रोनवाली कंपनी 'अविनॉक्स' घेऊन १०५ वर उतरली. या चौकटीबाहेरच्या मोटरी वेगळ्याच: चीनमधल्या बाफांगची एम-६२० ही मोटर १००० वॉटच्या वर्गातली, १६० न्यूटन-मीटरची.

आवाजाचा आकडा कायद्याने मागितला नाही, तक्त्याने छापला नाही. आणि टॉर्क वाढला म्हणजे त्याच दात्यांवरचा दाबही वाढला.

आवाज एक नाही, चार

इथे संशोधनाच्या कामाची पहिली पायरी येते. 'मोटर आवाज करते' हे निरीक्षण आहे, पण तो अजून प्रश्न झालेला नाही. आधी ते फोडावं लागतं.

पहिला आवाज दात्यांचा. समजा मोटर मिनिटाला ३२०० फेरे घेतेय आणि तिच्या टोकाच्या छोट्या गिअरला १५ दाते आहेत. सेकंदाला सुमारे ५३ फेरे, गुणिले १५, म्हणजे साधारण ८०० वेळा दात्यावर दाता येतो. ८०० हर्ट्झ हा सूर माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यातच बसतो, त्यामुळे कान तो लगेच पकडतो. दाते सरळ असतील तर प्रत्येक दाता एकदम येऊन आदळतो. तिरपे असतील तर हळूहळू भिडतो, आवाज कमी होतो; पण बेअरिंगवर आडवा दाब येतो.

दुसरा आवाज विजेचा. घरातला पंखा आठवा. काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लाटेचा तुकडा कापून पंखा हळू करतात, आणि पंखा घूं घूं करायला लागतो. पंखा तोच, वीज देण्याची पद्धत वेगळी. स्वस्त कंट्रोलर सायकलच्या मोटरला सहा टप्प्यांत, झटक्याझटक्याने वीज देतात, म्हणून ती गुरगुरते. वीज सलग लाटेसारखी दिली तर तीच मोटर गप्प होते. अशा नियंत्रणाचं गणित जर्मनीत हासे आणि ब्लाश्के यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या सुरुवातीला मांडलं. ते सायकलीत यायला मात्र क्षणाक्षणाला हिशेब करणारी स्वस्त चिप यावी लागली. गणित आधी, शांतता कित्येक वर्षांनी.

तिसरा आवाज उतारावरचा. पेडल मारणं थांबवलं की मोटरच्या आतलं फ्रीव्हील सुटतं. त्यासाठी आत थोडा प्ले लागतोच. खडबडीत वाटेवर हादरे बसले की हे सुटे भाग एकमेकांवर आपटतात. २०२० मॉडेल-वर्षाच्या बॉश परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटरच्या या खडखडीची सायकलस्वारांमध्ये बरीच चर्चा झाली. गंमत बघा, चढावर मोटर कामात असताना ती गप्प, आणि उतारावर काहीच करत नसताना बोलते!

चौथा आवाज मोटरचा नाहीच, फ्रेमचा आहे. तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर ऐकू येईल न येईल; भोपळा तिला मोठं करतो. पोकळ नळ्यांच्या फ्रेमवर बोल्टने घट्ट बसवलेली मोटर ही अशीच तार आहे. त्यात नळीच्या आत सुट्या पडलेल्या केबल आणि मागच्या नळीवर आपटणारी चेन आपापला ताल धरतात.

शांततेची किंमत

आता किमतीकडे येऊ. एम-६२० सारख्या मोटरमध्ये एक गिअर नायलॉनचा असतो. स्टीलच्या दात्याला नायलॉनचा दाता भिडला की आवाज दबतो, कारण नायलॉन थोडं लवचीक असतं. पण तेच नायलॉन जबर टॉर्कखाली झिजतं, आणि गरम झालं की आणखी मऊ पडतं. म्हणून त्रयस्थ विक्रेत्यांनी स्टीलचे गिअर आणले. ते टिकतात, पण ओरडतात. मालकापुढे सरळ निवड उभी राहते: दाते वाचवायचे की कान?

जर्मनीतल्या ब्रोझेने तिसरी वाट काढली. ही गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिची सायकलची मोटर गाडीच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या मोटरवरून घडली आणि आत दातेरी पट्टा आला. स्पेशलाइज्डच्या २०१५ च्या टर्बो लेव्होमध्ये अशीच मोटर होती आणि शांततेसाठी तिचं नाव झालं. पण पट्टाही कधीतरी झिजतो किंवा तुटतो, आणि तो बंद पेटीत असतो. दुरुस्ती घरच्या पान्याने होत नाही.

सगळ्यात घातक किंमत मात्र मालक स्वतःच्या हाताने भरू शकतो. आवाज येतो म्हणून मोटरभोवती फोम गुंडाळला की कानाला बरं वाटतं, पण उष्णता आत कोंडते. कोंडलेल्या उष्णतेत मोटर स्वतःची शक्ती कमी करते आणि नायलॉनचे दाते लवकर जातात. चौथ्या आवाजावरचे उपाय यापेक्षा खूप निरुपद्रवी आहेत: मोटरचे बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळणे, फ्रेमच्या आतल्या केबलभोवती फोमची नळी, मागच्या नळीवर रबरी पट्टी, चेन स्वच्छ ठेवणे. पहिल्या आवाजावर गिअरपेटीत योग्य ग्रीस आणि वेळेवर गिअर बदलणे, दुसऱ्यावर चांगला कंट्रोलर. फोम दोन्हीकडे तोच. केबलभोवती तो इलाज, मोटरभोवती अपाय. म्हणून आवाज कुठला हे आधी कळायला हवं.

मालकाला इतिहासात जागा

ट्रेव्हर पिंच आणि विबे बायकर यांचा १९८४ चा सायकलवरचा लेख आमच्या विषयात हमखास वाचायला लावतात. त्यात हवेच्या टायरची गोष्ट आहे. टायर आला तेव्हा काहींना तो हादरे कमी करायचा उपाय वाटला, तर शर्यतवाल्यांना, ज्यांना हादऱ्यांची पर्वाच नव्हती, तो हास्यास्पद वाटला. त्याच टायरने शर्यती जिंकल्यावर तो 'वेगाचा उपाय' ठरला. वस्तू तीच, प्रश्न बदलला. उतारावरची खडखडही तशीच आहे. अभियंत्याच्या लेखी तो फ्रीव्हीलला लागणारा प्ले, मालकाच्या लेखी दोष. बॉशने २०२४ मध्ये नवी मोटर आणताना उतारावरच्या शांततेचा खास उल्लेख केला. म्हणजे तोवर मालकांची व्याख्या जिंकली होती.

कारिन बाइस्टरफेल्ड आणि सहकाऱ्यांचं 'साउंड अँड सेफ' हे २०१४ चं पुस्तक मोटारगाडीबद्दल जोडीची गोष्ट सांगतं. सुरुवातीचे चालक इंजिनचा आवाज ऐकून बिघाड ओळखायचे. पुढे गाडी शांत झाली आणि तो कान मेकॅनिककडे गेला. सायकलच्या मालकापुढे आज हाच पेच आहे. सगळेच आवाज बुजवले तर दाता तुटायच्या आधीची सूचनाही बुजते.

हा विषय घ्यायचा असेल तर

साधनं भरपूर आहेत, पण प्रत्येकाची खोड वेगळी. पेटंट हेतू सांगतं, वस्तू खरोखर कशी वागली ते नाही. सुट्या भागांच्या याद्या फार बोलक्या: स्टीलचा गिअर विकायला आहे, याचा अर्थ नायलॉनचे तुटत होते. मालकांच्या तक्रारी जपून वापरा, कारण ज्याची मोटर शांत आहे तो सहसा लिहायला बसत नाही. तक्रारी मोजून 'किती मोटरी वाजतात' हे ठरवू नका. 'लोक कशाला आवाज म्हणत होते' हे मात्र त्यातून उत्तम कळतं.

फोनवरच्या ध्वनिमुद्रणाचंही तसंच. फोन आवाजाची पातळी स्वतःच कमीजास्त करतो, म्हणून दोन मुद्रणांतली कुठली मोटर मोठ्याने वाजते हे सांगता येत नाही. सूर मात्र टिकतो. एकाच गिअरमध्ये पेडलच्या वेगाबरोबर सूर चढला तर संशय दात्यांवर किंवा कंट्रोलरवर. मग कंट्रोलर बदलून, बाकी सगळं तसंच ठेवून पुन्हा ऐका. पेडल थांबल्यावरच, हादऱ्यांबरोबर वाजलं तर आतला प्ले किंवा आपटणारी चेन.  रबरी पट्टी लावल्यावर गेला तर तो चेनचा होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रयोगशाळेतला हा नियम सायकलच्या स्टँडवरही लागू होतो, आणि कागदपत्रं वाचतानाही.

आणि प्रस्ताव लिहिताना शीर्षकात 'इलेक्ट्रिक सायकलचा आवाज' एवढंच लिहू नका. कुठला आवाज, कुठल्या वर्षांतला, कुणाच्या कानाचा, आणि तो घालवायची किंमत कुणी भरली, हे चार शब्द जागेवर बसले की अर्धा प्रस्ताव तिथेच तयार होतो.