तळ्याकाठची वस्ती

स्मरणिका समितीने 'आपल्या परिसराचा इतिहास' हा विषय माझ्या गळ्यात घातला. नोकरीतली सगळी वर्षं बँकेत काढलेला माणूस आधी कागद बघतो, म्हणून कागदापासूनच सुरुवात करतो. आपल्या सोसायटीच्या पहिल्या माहितीपत्रकात छापलं होतं : जलाशयाशेजारी, मोकळी हवा, गावापासून पंधरा मिनिटांवर. त्यातली पंधरा मिनिटं रिक्षावाल्याच्या मर्जीवर आहेत. पण जलाशय खरा.

सांगलीचे पाहुणे आले की कृष्णाकाठची ऐट सांगतात, पुण्याचे मुठेची सांगतात. आपल्या गावातून नदीच जात नाही. सीना पश्चिमेकडून लांबून जाते, भीमा दक्षिणेला. त्यामुळे सोलापूरकराने नदीकाठाची हौस कायम तळ्यावर भागवली आहे. तीही आजची नाही.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खणला. तेव्हा या गावाला सोन्नलगी म्हणत. 'सोळा गावांचं सोलापूर' ही व्युत्पत्ती आपण शाळेत घोकली, पण शिलालेख आणि वचनं सोन्नलगीच्या बाजूने आहेत. अल्लमप्रभू गावात आले तेव्हा सिद्धराम तळ्याच्याच कामात गुंतलेले होते, अशी कथा आहे. दोघांचा वाद झाला आणि पुढे सिद्धराम त्यांच्यासोबत कल्याणला बसवेश्वरांकडे गेले. मला या कथेतला वाद फारसा कळत नाही. पण एका संताने भक्तांच्या हाती कुदळ-पाटी दिली, हे मात्र पटकन कळतं. पुढे बहामनी काळात भुईकोट किल्ला उभा राहिला, तोही या तळ्याला खेटून. तीन बाजूंना खंदक, पूर्वेला तलाव. आदिलशाही आणि निजामशाही या किल्ल्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या, सोयरिकीत हुंडा म्हणूनही त्याची बोलणी झाली. म्हणजे तळ्याकाठच्या जागेला मागणी तेव्हापासूनच!

१८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, १८५२ मध्ये नगरपालिका आली, १८६० मध्ये रेल्वे आली. रेल्वेमुळे गावाला पहिलं उपनगर मिळालं. रेल्वे लाईन्समध्ये साहेबलोकांचे बंगले, मोठी झाडं, रुंद रस्ते. पेठांमधली आमची पिढी तिथून सायकलने जाताना उगाच हळू पायडल मारायची. १८७७ मध्ये जुनी मिल निघाली आणि गाव भोंग्यावर चालू लागलं. साखर पेठ, भवानी पेठ या भागांत घरात माग आणि मागाशेजारी अंथरूण. एका वाड्यात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, चारही भाषांत भांडणं व्हायची आणि सगळ्यांना सगळी कळायची. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. तोवर पोरं शिकून बँकेत, एसटीत, शाळांत लागली होती. त्यांना वाड्यातली एक खोली पुरेना. आपले बहुतेक संस्थापक सभासद हेच.

विजापूर रोडचा हा भाग तेव्हा ज्वारीची रानं आणि माळ होता. रेवणसिद्धेश्वराच्या दर्शनाला सोमवारी यायचं, कंबर तलावावर बसून भडंग खायचं आणि अंधार पडायच्या आत गावात परतायचं, असा रिवाज. "तिकडं कोण राहायला जातंय ओ?" असं माझ्या सासऱ्यांनी प्लॉट बघून विचारलं होतं. पुढे जुळे सोलापूर वसलं, तलावाचं नाव धर्मवीर संभाजी तलाव झालं आणि सासरे निवृत्तीनंतर आमच्याकडेच राहायला आले.

हाच रस्ता पुढे टाकळीला भीमेवर जातो. त्या बाजूलाच हत्तरसंग-कुडल, जिथे सीना भीमेला मिळते. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे. आजवर मिळालेला हा सर्वात जुना सालासह मराठी लेख मानला जातो. तो उजेडात आणला आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी. नदी गावात नसली तरी तिच्या काठचं पहिलं अक्षर आपल्याच जिल्ह्यातलं. ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत नाही आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवंडांना तर नाहीच. पुढच्या सहलीला महाबळेश्वरऐवजी कुडल घ्या, एवढंच सुचवतो.

आता पाण्याचा हिशेब. इंग्रजांनी बांधलेला हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ मध्ये पुरा झाला आणि पुढे शहराला नळाने पाणी मिळू लागलं. शहर वाढलं तसं ते पुरेना. मग टाकळीहून भीमेचं पाणी, त्यानंतर उजनीहून थेट जलवाहिनी. टाकळीचं पाणी सोरेगावला शुद्ध होतं, म्हणजे आपल्या अगदी शेजारी. तरीही आपल्या नळाला चार-चार दिवसांआड पाणी येतं. मग रात्री दोनला "पाणी आलंऽऽ" अशी हाळी उठते आणि अख्खी बिल्डिंग जागी होते. पंचवीस वर्षांत इथे चोर आला तरी टिकला नाही, त्याचं कारण हेच असावं.

आणि समोर तलाव! हिवाळ्यात पक्षी येतात, पहाटे धुकं असतं. दलाल 'तलावदर्शनी' फ्लॅटचा भाव वाढवून सांगतो. पण जलपर्णी काढून काही महिने झाले नाहीत तोच पुन्हा हिरवी चादर पसरते. सांडपाणी आत येत राहिलं की जलपर्णीला खत मिळतं, ती माजते, खालच्या पाण्याला ऊन-वारा मिळत नाही, मासे मरतात आणि मग वास सुटतो. वास सुटला की आपण खिडक्या लावतो. भाव खिडकीचा आहे, हे विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आपली पहिली बोअर आता कोरडी आहे, दुसरी एप्रिलमध्येच दम टाकते. टँकरचं बिल देखभाल खर्चाच्या खात्यात दरसाल फुगतंय. गच्चीवरचं पावसाचं पाणी मात्र पन्हळीतून थेट गटारात जातं. ते गाळून पहिल्या बोअरमध्ये सोडायचा विषय दोन सभांत पुढे ढकलला गेला. 'माझ्या वाट्याला किती येणार' यावरच चर्चा संपते. खर्चाचा अंदाज आणि मागच्या पाच वर्षांची टँकरची बिलं मी एका फाईलला लावून सचिवांकडे दिली आहेत. वार्षिक सभेच्या आधी ऑफिसात जाऊन ती जरूर चाळा. ऑफिस संध्याकाळी सहा ते आठ उघडं असतं.