शिरपूर जैनहून विमान पकडताना: मायग्रेन असलेल्यांनी काय सांभाळावे?

वाशिम जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनहून विमानाने कुठे जायचे असेल तर आधी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, आणि दोन्हीकडे गाडीने चार तास तरी धरावे लागतात. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. मात्र पुढच्या विमानाची जोडणी लक्षात घेता अनेकांची गाडी अजूनही नागपूरकडेच वळते.

आता नागपूरहून सकाळी साडेसहाचे विमान आहे असे समजू. दोन तास आधी, म्हणजे साडेचारला विमानतळावर हजर व्हायचे, तर घरातून रात्री साडेबारालाच निघावे लागते. त्या आधी बॅगा भरणे, निरोप घेणे. म्हणजे झोप नाही, रात्रभर समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर, पहाटे पोटात काही नाही आणि नेहमीचा चहा चुकलेला. ज्याला मायग्रेन म्हणजे अर्धशिशी आहे, त्याचे डोके विमानात बसण्याआधीच ठणकू लागते. दोष मात्र विमानाला दिला जातो.

मायग्रेनचा मेंदू बदलाला फार हळवा असतो. अपुरी झोप, उपाशी पोट, कमी पाणी, प्रखर उजेड, उग्र वास, ताण. यांपैकी एखादी गोष्ट एकटी आली तर निभावते, तीन-चार एकत्र आल्या की झटका येतो. उपचार न घेतल्यास हा झटका ४ ते ७२ तास टिकू शकतो. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोके दुखत असेल, त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनचे असतील आणि हे तीन महिन्यांहून अधिक चालू असेल, तर डॉक्टर त्याला जुनाट मायग्रेन म्हणतात. अशा माणसाने तिकीट काढतानाच विचार केलेला बरा. दुपारचे विमान थोडे महाग असले तरी रात्रीची झोप वाचते. पहाटेचेच घ्यावे लागले, तर आदल्या संध्याकाळी नागपुरात नातेवाइकांकडे मुक्काम करणे हाही एक उपचारच आहे. रात्रीच निघायचे झाल्यास जवळ खाणे हवे. समृद्धी महामार्गावर मनात आले तिथे गाडी थांबवून टपरीवर चहा घेता येत नाही.

उपवास आणि चौविहार

शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे क्षेत्र. इथे राहणाऱ्या आणि दुरून दर्शनाला येणाऱ्या अनेकांचा चौविहार असतो. सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. नवकारशी पाळणारे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनीच काही घेतात. एरवी अंगवळणी पडलेला हा नेम प्रवासाच्या रात्री जागरणाला जोडून आला की बारा तासांहून अधिक काळ कोरडा जातो, आणि मायग्रेनला नेमके हेच चालते. नेम मोडा असे सांगण्याची गरज नाही. विमान दुपारचे घेणे, सूर्यास्तापूर्वी पोटभर जेवून पाणी पिणे आणि झोप न तोडणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. रोजची गोळी रात्रीची असेल, तर ती सूर्यास्तापूर्वी घेतलेली चालेल का हे डॉक्टरांना आधीच विचारावे. एकासना किंवा उपवासाच्या दिवशी लांबचा प्रवास शक्यतो ठेवू नये. एकादशी किंवा नवरात्रीचा उपवास करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

विमानात काय बदलते?

विमान ३५ हजार फुटांवर उडत असले तरी आतला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीइतका ठेवलेला असतो. कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट आहे, म्हणजे प्रवासी त्याहूनही उंच जागी बसलेला असतो. ऑक्सिजन थोडा कमी मिळतो आणि हवा अतिशय कोरडी असते. त्यामुळे थोडे थोडे पाणी पीत राहावे आणि दारू टाळावी. मळमळ होणाऱ्याने कडेची जागा घ्यावी. पंखाजवळच्या जागेवर हादरे कमी जाणवतात. टोपी, गडद चष्मा आणि कानात बोळे एवढे पुरते. बाम मात्र जपून, त्याचा वास शेजाऱ्याला आणि कधी लावणाऱ्यालाही सोसत नाही.

विमान उतरताना डोळ्याभोवती एका बाजूला सुरी खुपसल्यासारखे दुखते आणि जमिनीवर आल्यावर अर्ध्या तासात थांबते, असे काहींना होते. ही वेगळी डोकेदुखी आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला विमानप्रवासाची डोकेदुखी म्हणून स्वतंत्र स्थान आहे. कपाळ-गालातल्या हवेच्या पोकळ्यांतील दाब बाहेरच्या दाबाशी पटकन जुळत नाही, हे तिचे कारण मानले जाते. सर्दी असताना हे वाढू शकते. मायग्रेन आणि ही डोकेदुखी यांत गल्लत झाली की औषधही चुकते.

गोळ्या कुठे आणि कधी?

गोळ्या हातातल्या बॅगेत. मोठी बॅग चुकीच्या शहरात गेली की आतल्या गोळ्याही गेल्या. मूळ पाकिटात ठेवाव्यात आणि सोबत चिठ्ठी असावी, तीवर औषधाचे मूळ नाव लिहिलेले असावे, कारण परदेशात कंपनीची नावे बदलतात. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रॅमाडॉलसारखी औषधे नियंत्रित आहेत, ती नेण्यासाठी आधी परवानगी लागते. दुबईला मुलाकडे निघालेल्या आई-वडिलांनी हे तपासून घ्यावेच.

झटक्याची गोळी दुखणे सुरू होताच घ्यायची असते. 'बघू, थांबेल' म्हणत दोन तास गेले की पोटाचे काम मंदावते आणि गोळी नीट शोषली जात नाही. उलटी होणाऱ्यांना डॉक्टर मळमळीचे औषध किंवा नाकातला फवारा देऊ शकतात. नवे औषध प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नये, आधी घरी घेऊन पाहावे. सुमाट्रिप्टानसारखी औषधे हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांना चालत नाहीत. मेडिकलमध्ये सर्रास मिळणाऱ्या काही डोकेदुखीच्या गोळ्यांत एर्गोटामाइन असते. ते आणि ट्रिप्टान २४ तासांच्या आत एकत्र घेणे धोक्याचे आहे. महिन्यात १५ दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, किंवा १० दिवस ट्रिप्टान वा मिश्र गोळ्या घेणाऱ्यांची डोकेदुखी त्या गोळ्यांमुळेच वाढत असू शकते. अशांनी प्रवासाच्या काही आठवडे आधी डॉक्टर गाठावा. प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन, टोपिरामेट यांसारखी प्रतिबंधक औषधे लागू पडायला वेळ घेतात, आणि प्रवासामुळे ती स्वतःहून बंद करू नयेत.

झटका कधी कधी पोहोचल्यावर येतो, ताण उतरला की. म्हणून लग्न, मुलाखत किंवा ऑपरेशनची तारीख उतरल्याच्याच दिवशी ठेवू नये. अमेरिकेसारख्या दूरच्या देशात गोळ्यांची वेळ कशी सरकवायची हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

क्षणात चढलेली, आयुष्यातली सर्वांत तीव्र वेदना, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, तापासोबत मान आखडणे किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी ही लक्षणे नेहमीच्या मायग्रेनची समजू नयेत. विमानात असे झाल्यास लगेच कर्मचाऱ्यांना सांगावे. ते प्रवाशांत कुणी डॉक्टर आहे का हे विचारतात आणि उतरण्याच्या ठिकाणी वैद्यकीय मदत तयार ठेवायला कळवतात. जमिनीवर असल्यास विमान न पकडता सरळ रुग्णालय गाठावे.