वृद्धांचा आश्रय : इतिहास आणि पारख

घरातील वृद्ध माणसास वृद्धाश्रमात ठेवावे काय, आणि ठेवावयाचे तर कोणत्या, हा प्रश्न अलीकडे आपल्या ज्ञातीतील कुटुंबांपुढे वारंवार येऊ लागला आहे. तो उघडपणे मात्र कोणी विचारीत नाही. लग्नकार्यात पंगत उठल्यावर, आवाज खाली करून तो आम्हांस विचारला जातो, आणि विचारणारा अगोदरच संकोचलेला असतो. या संकोचामुळे चौकशी अपुरी होते आणि तिचे फळ वृद्धास भोगावे लागते. म्हणून वृद्धांच्या आश्रयाचा आपल्याकडील इतिहास थोडक्यात सांगून, त्यावरून आश्रमाची पारख कशी करावी, हे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पूर्वी म्हाताऱ्या माणसांचा सांभाळ एकत्र कुटुंबात होई, हे खरे. परंतु ज्यांस कुटुंब नव्हते त्यांचे काय होई, हेही पाहिले पाहिजे. निपुत्रिक, बालविधवा, मुले अकाली गेलेली माणसे क्षेत्रवास पत्करीत. ज्यांची ऐपत असे ते काशीस जात. आपल्या भागातील माणसे बहुधा पंढरपूर किंवा तुळजापूर गाठीत. मठ, धर्मशाळा, अन्नछत्र आणि यात्रेकरूंचे दान यांवर त्यांचा निर्वाह चाले. त्यास वैराग्याचे रूप असले, तरी पुष्कळांच्या बाबतीत ते निराधारपणाचेच दुसरे नाव होते. आणि घरी राहिलेल्या वृद्धांची सेवा तरी कोण करी? घरातील सून, लेक किंवा विधवा बहीण. त्या सेवेचा हिशेब कोणी मांडला नाही, म्हणून ती आपोआप होत होती असा आपला समज झाला.

संस्थांचा इतिहास याहून निराळा आहे. मुंबईत १८३४ साली शेठ मोतीचंद अमीचंद आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने पांजरपोळ निघाली आणि थकल्या जनावरांस आसरा मिळाला. पुण्यात १८६०च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अपंग व निराधार वृद्धांसाठी आश्रम उभा राहिला. तोच आज ‘निवारा’ या नावाने ओळखला जातो. कलकत्त्यास १८८२ मध्ये ख्रिस्ती भगिनींनी गरीब वृद्धांचे गृह काढले. या संस्थांची मूळ प्रेरणा एकच होती : ज्याला कोणी नाही त्याला अन्न, वस्त्र आणि छप्पर द्यावे. हेतू थोर होता. परंतु आजाऱ्याची दीर्घकाळ शुश्रूषा करणे हा त्यातील मुख्य भाग नव्हता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यानंतर अल्पावधीतच, २० फेब्रुवारी १९६३ रोजी, राज्य शासनाने स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांस अनुदान देण्याची योजना काढली. पुरुषास ६० आणि स्त्रीस ५५ वर्षे ही वयोमर्यादा ठरली. पुढे १९९५ मध्ये ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आली. तीत निराधारांबरोबर शुल्क देऊ शकणाऱ्या वृद्धांचाही विचार झाला. निराधार नसलेल्या माणसासही आश्रमाची गरज पडते, हे शासनाने त्या वेळी मान्य केले, असे आम्ही समजतो.

याच सुमारास आपल्या जिल्ह्यावर मोठा घाला पडला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्याबरोबर आपल्या उमरगा व लोहारा भागांतील गावे उद्ध्वस्त झाली. सास्तूरचे नाव आजही काढले की जुन्या माणसांचे डोळे भरून येतात. पोरक्या झालेल्या मुलांसाठी नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ उभे राहिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. गावांना नव्या जागी पक्की घरेही मिळाली. परंतु ज्या वृद्धाचा मुलगा आणि सून दोघेही ढिगाऱ्याखाली गेली, त्याला पक्क्या घरात पाणी कोणी द्यावयाचे? घर बांधून देता येते. हाकेला ओ देणारे माणूस बांधून देता येत नाही. हा धडा वृद्धाश्रमांसही तंतोतंत लागू आहे.

भूकंप एकदाच झाला; स्थलांतर दर वर्षी होते. कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि गावात म्हातारी माणसे व लहान मुले मागे राहतात. शिकलेली मुले पुण्यास नोकरी करतात. आई-बापांस तेथे नेले तर त्यांचा जीव दोन खोल्यांत कोंडतो, आणि गावी ठेवले तर रात्रीअपरात्री कोणी जवळ नसते. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढील माणसांची संख्या दहा कोटींवर गेली होती. तेव्हा आश्रमाची चौकशी करणारा प्रत्येक मुलगा कृतघ्न असतो, हे म्हणणे आता टिकणारे नाही.

कायदा काय म्हणतो, तेही सांगतो. वृद्ध व अशक्त आई-बापांच्या पोटगीची जबाबदारी १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने मुलगा व मुलगी दोघांवर टाकली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमाने त्यासाठी न्यायाधिकरण दिले. निपुत्रिक वृद्धाची मालमत्ता ज्या नातलगास मिळावयाची, त्यासही निर्वाहास बांधून घेतले. आणि वृद्धास टाकून देणे हा गुन्हा ठरविला. त्याच अधिनियमात, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम शासनास काढता येतील, अशी तरतूद आहे. महाराष्ट्राचे नियम २०१० मध्ये झाले. केंद्राच्या आदर्श नियमांत तर शयनगृहात माणशी साडेसात चौरस मीटर जागा असावी, फरशी निसरडी नसावी, पायऱ्यांस उतार असावा, इतका तपशील दिलेला आहे. चौकशीस जाताना हा आकडा लक्षात ठेवावा. दहा फूट रुंद व दहा फूट लांब खोलीत दोन खाटा असतील, तर त्या मापास जागा कमी पडते.

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे प्रसूतीचा अथवा शस्त्रक्रियेचा खाजगी दवाखाना. त्याची नोंदणी निराळ्या कायद्याखाली होते. तेथे रुग्ण बरा होऊन घरी जावा अशी अपेक्षा असते. वृद्धाश्रमाचा वंश वर सांगितलेल्या निराधारगृहांचा आहे. ज्याचे दुखणे बरे होणारे नाही, पण ज्याला वर्षानुवर्षे हात देऊन उठवावे, भरवावे, धुवावे लागते, असा माणूस या दोहोंच्या मध्ये पडतो. आपल्या कुटुंबांपुढील खरी अडचण नेमकी ही आहे.

आमच्या एका वयोवृद्ध आप्तांसाठी आम्ही धाराशिव, लातूर व सोलापूर या बाजूंची काही गृहे हिंडून पाहिली. एका ठिकाणी इमारत देखणी होती, बाग होती, भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी होती. आम्ही विचारले, “माणूस अंथरुणाला खिळला तर?” व्यवस्थापक म्हणाले, “मग घरच्यांनी घेऊन जावे.” दुसरे गृह साधे, पत्र्याचे होते. तेथील बाई एका आजीबाईंस कुशीवर वळवीत होत्या. “दर दोन तासांनी वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात,” असे त्यांनी न विचारता सांगितले. इमारतीपेक्षा या एका वाक्याचे मोल आम्हांस अधिक वाटले.

यावरून पारखण्याच्या गोष्टी पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिली, वेळ देऊन एकदा आणि न कळविता एकदा जावे. शक्य तर जेवणाच्या वेळी जावे. दात नसलेल्या माणसाच्या ताटात भाकरी तशीच वाढतात की आमटीत कुस्करून देतात, हे पाहावे. दुसरी, रात्री किती माणसे जागी असतात आणि किती वृद्धांमागे, हे विचारावे. दिवसाचा आकडा सांगून बोळवण करू देऊ नये. तिसरी, अंथरुणावरील रुग्णांची खोली दाखवावयास सांगावे. ती दाखविण्याची टाळाटाळ झाल्यास तेथेच उत्तर मिळाले असे समजावे. दुर्गंधी, टाचांवरील व माकडहाडावरील जखमा, हाताशी पाण्याचे भांडे आहे की नाही, या खुणा खोटे बोलत नाहीत. चौथी, स्त्रियांच्या शुश्रूषेस स्त्रीच आहे काय, औषधांची वही आहे काय, डॉक्टर किती दिवसांनी येतो आणि निकडीच्या वेळी कोणत्या रुग्णालयात नेतात, हे लिहून घ्यावे. पाचवी, संस्थेची नोंदणी, दरमहाचे शुल्क, अनामत परत मिळण्याची अट आणि प्रत्येक रकमेची पावती पाहावी. श्रावणबाळ योजनेचे २०२३ पासूनचे मासिक निवृत्तिवेतन दीड हजार रुपये आहे. चांगल्या शुश्रूषेचा खर्च त्यात भागत नाही. तो कोणत्या भावंडाने किती सोसावयाचा, हे अगोदर ठरवावे, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात वाद सुरू होतात.

वृद्धांसही एक सूचना आहे. हयातीत शेत वा घर मुलांच्या नावे करावयाचे असल्यास, सांभाळ करण्याची अट त्या लेखात स्पष्ट घालावी. अशी अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करवून घेण्याचा मार्ग २००७ च्या अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. छळ अथवा हेळसांड होत असल्यास १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक आहे.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. ज्याला तेथे राहावयाचे आहे, त्यास विचारावे. पुष्कळ कुटुंबांत “चार दिवस हवापालट” असे सांगून वृद्धास नेऊन सोडतात. ही फसवणूक होय. आणि ती कळल्यावर माणूस जेवणच टाकतो. त्याला आधी गृह दाखवावे, आठ दिवस राहू द्यावे, आवडले नाही तर परत आणावे. प्रवेशानंतरही दर महिन्यास कोणीतरी जावे. ज्याच्याकडे माणसे येतात, त्याच्याकडे सेवकांचेही लक्ष राहते.

छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांस चालना दिली. त्या उदाहरणाने ठिकठिकाणच्या ज्ञातिसंस्थांनी शिकणाऱ्या मुलांची सोय केली, आणि खेड्यातल्या मुलाला शहरात हक्काची जागा मिळाली. ती मुले शिकली, परगावी गेली; आणि त्यांचे आई-बाप गावात एकटे राहिले. तेव्हा हे कार्यही आपल्या मंडळाचेच आहे. नवीन इमारतीचा संकल्प तूर्त बाजूस ठेवावा. दोन स्त्रिया व दोन पुरुष यांची एक भेट समिती नेमावी. तिने जिल्ह्यातील व लगतची गृहे वर्षातून दोनदा पाहावी. जे दिसेल ते वहीत नोंदवावे आणि विचारणाऱ्या कुटुंबास ती वही मोकळेपणाने दाखवावी. ज्ञातीतील जे वृद्ध अशा गृहांत आहेत, त्यांस सणासुदीस भेटावे. खर्च एस.टी.च्या भाड्याएवढाच आहे. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडला जावा, अशी आमची सर्व सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे.