घरच्या कुंडीतला गांजा : रोप सोपं झालं, मात्रा नाही

मुलं परदेशात असलेले पालक हल्ली एक प्रश्न विचारतात : "डॉक्टर, तिकडे गांजाची झाडं घरी लावायला परवानगी आहे म्हणे. दुखण्यावर, झोपेवर औषध म्हणून ती वापरली तर काय बिघडलं?" या चर्चेत 'ऑटोफ्लॉवरिंग' हा शब्दही कानावर पडतो. आज या रोपाचा इतिहास पाहू. त्याचे फायदे-तोटे त्यातूनच समजतात.

रोपाचं घड्याळ

गांजाचं नेहमीचं झाड रात्रीच्या लांबीवर चालतं. दिवस लहान आणि रात्री मोठ्या होऊ लागल्या की ते फुलोऱ्यावर येतं. वनस्पतींचा हा गुण अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनच्या प्रयोगांतून दाखवून दिला.

चारच वर्षांनी, १९२४ मध्ये, यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने रशियातल्या पडीक जमिनीवर उगवणाऱ्या एका बुटक्या रानटी प्रकाराचं वर्णन केलं. त्याला 'रुडेरालिस' म्हणतात. उत्तरेकडे उन्हाळा छोटा आणि दिवस खूप मोठे. लांब रात्रींची वाट पाहत बसलं तर बी धरण्याआधीच थंडीने रोप मरणार. म्हणून हा प्रकार वय झालं की आपोआप फुलतो. ऑटोफ्लॉवरिंग म्हणजे नेमकं हेच.

या रानटी प्रकारात नशा आणणारं टीएचसी फारच कमी होतं, त्यामुळे बरीच वर्षं त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. पुढे जास्त टीएचसी असलेल्या जातींशी त्याचा संकर झाला. २००० नंतरच्या काही वर्षांत 'लोरायडर' नावाची बुटकी जात बाजारात आली आणि हे रोप लोकांच्या घरात शिरलं.

कायद्याने दार उघडलं

उरुग्वेने २०१३ मध्ये घरगुती लागवडीला कायदेशीर मान्यता दिली. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार झाडांना परवानगी दिली. क्यूबेक प्रांताने मात्र बंदी ठेवली आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला तीन झाडं लावता येतात.

फायदे कोणते?

झाड बुटकं असल्याने जागा कमी लागते. बी पेरल्यापासून साधारण दोन ते तीन महिन्यांत ते तयार होतं. अंधाराचे तास काटेकोर सांभाळावे लागत नाहीत. जिथे कायदा परवानगी देतो, तिथे चोरट्या बाजारातला भेसळीचा माल टळतो, हेही मान्य करायला हवं.

तोटे कोणते?

एका झाडाचं उत्पन्न कमी. रोपाचं वय थांबत नाही, त्यामुळे सुरुवातीला वाढ खुंटली तर ती भरून काढायला वेळ उरत नाही. फांदी तोडून नवं रोप करण्यातही अर्थ नाही, कारण फांदीचं वय आईच्या झाडाइतकंच असतं. म्हणजे दर वेळी नवं बी, आणि एका बीचं झाड दुसऱ्यासारखं निघेलच असं नाही.

माळ्याच्या दृष्टीने हा तोटा किरकोळ आहे. डॉक्टरच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा आहे, कारण औषध म्हणजे मात्रा.

जुना धडा

हा धडा आपल्याच देशात मिळाला होता. कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजावरचे आपले प्रयोग मांडले. धनुर्वात, संधिवात, झटके अशा आजारांत त्यांनी तो वापरून पाहिला आणि काही रुग्णांना आरामही पडला. पण संधिवाताच्या एका रुग्णाला जेमतेम एक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम राळ दिल्यावर त्याचं शरीर विचित्र ताठर झालं. हातपाय जसे ठेवावेत तसेच राहू लागले. पुढे हे औषध युरोप-अमेरिकेत गेलं, पण एका बाटलीचा गुण दुसरीला येईना. त्याच्या पीछेहाटीचं हे एक मोठं कारण. १९४२ मध्ये ते अमेरिकेच्या औषधकोशातून वगळलं गेलं. टीएचसीची रचना कळायला १९६४ साल उजाडलं.

आता याच्या शेजारी २०१८ ठेवा. त्या वर्षी अमेरिकेत गांजाच्या झाडापासून शुद्ध केलेल्या सीबीडीचं 'एपिडायोलेक्स' हे औषध, मुलांमधल्या दोन गंभीर प्रकारच्या फिट्ससाठी मंजूर झालं. ते वजनानुसार मोजून देतात आणि यकृताच्या तपासण्या करत राहतात. कुंडीतल्या फुलोऱ्यात किती टीएचसी आहे, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही.

कोणी दूरच राहावं?

किशोरवयीन मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, स्वतःला किंवा घरात कोणाला सायकोसिस झालेला असेल असे लोक, आणि हृदयविकाराचे रुग्ण. वॉरफरिन घेणाऱ्यांत रक्त जास्त पातळ होऊ शकतं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना नीट न वाळलेल्या फुलोऱ्यावरच्या बुरशीने फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. घरात लहान मूल असेल तर विशेष जपा. कॅनडात गांजाचे खाद्यपदार्थ विक्रीला आल्यावर ते चुकून खाऊन रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं.

आणि भारतात?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 'एकच कुंडी आहे' किंवा 'औषधापुरतं लावलंय' ही सबब चालत नाही. बी पार्सलने मागवायच्या फंदातही पडू नका.

परदेशातली तुमची मुलं हे वापरत असतील तर रागावून विषय बंद करू नका. किती, कशासाठी आणि कोणत्या गोळ्यांबरोबर घेता, एवढं विचारा, आणि ते तिथल्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगायला सांगा. जुनं दुखणं किंवा निद्रानाश असेल तर त्याचं कारण आधी शोधायला हवं. ते काम कुंडीतलं रोप करत नाही.