प्रत, पुरे आणि घाम

‘पॉलिमरेज चेन रिअ‍ॅक्शन’ (पीसीआर) या नावातला सगळ्यात लहान तुकडा म्हणजे ‘पॉलिमरेज’च्या शेवटचा ‘एज’. त्याची हकीकत मात्र सगळ्यात जुनी. १८३३ मध्ये पायेन आणि पर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूतून पिष्टाची साखर करणारा एक पदार्थ वेगळा काढला. हा पदार्थ पिष्टाच्या कणाचे टरफल आणि आतला गर अलग करतो, अशी त्यांची समजूत होती. म्हणून विलग होणे या अर्थाच्या ग्रीक ‘डायास्टॅसिस’वरून त्यांनी त्याला ‘डायास्टेज’ म्हटले. पुढे अशी आणखी एंझाइमे सापडत गेली आणि बहुतेकांच्या नावांना हेच शेपूट जोडायची रीत पडली. ‘स्टॅसिस’ म्हणजे उभे राहणे. आपल्या ‘स्थान’, ‘स्थिती’मधल्या ‘स्था’चे ते ग्रीक भावंड. त्याचा शेंडा तेवढा आज लायपेज, लॅक्टेज, पॉलिमरेज या नावांना चिकटून आहे. विलग होण्यातून निघालेले हे शेपूट ज्या पॉलिमरेजला लागले, त्याचे काम मात्र डीएनएच्या अक्षराला अक्षर जोडत जाण्याचे आहे.

‘पॉलिमर’मधला ‘पॉली’ तर आपल्या आणखी जवळचा. ग्रीक ‘पॉलिस’ म्हणजे पुष्कळ, आणि संस्कृतातला त्याचा जोडीदार ‘पुरु’. इंद्राचे ‘पुरुहूत’ हे नाव त्याच शब्दाचे: पुष्कळांनी ज्याला हाक मारली तो. भरणे, भरून टाकणे हा या कुळाचा मूळ अर्थ. त्यातूनच ‘पूर्ण’, ‘पूर’, ‘पूरक’ आले आणि पंगतीत पानावर आडवा हात धरून आपण म्हणतो ते ‘पुरे’ही. पॉलिमरसाठी आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘बहुवारिक’ हा शब्द घेतला. ग्रीक शब्दात ‘पुष्कळ भाग’ आहेत, मराठीत ‘पुष्कळ वेळा’ आले. ‘वारंवार’मधला हा ‘वार’ मला आवडतो, कारण बहुवारिकात एकच घटक पुन्हापुन्हा येतो हे त्यात नेमके सांगितले आहे.

पण या विषयाला लावावा असा सगळ्यात चांगला मराठी शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर, बोलण्यात पडून आहे: ‘प्रत’. पीसीआर डीएनएच्या ‘नकला’ काढते असे सर्रास लिहिले जाते. ‘नक्कल’ अरबीतून आलेला. त्याच्या मुळाशी एका जागेवरून दुसरीकडे नेणे आहे. मराठीत त्याला दुसऱ्याची हुबेहूब ढब उचलण्याची छटाही आली. डीएनएत घडते ते निराळेच. त्याचे दोन पदर एकमेकांच्या समोर असतात. एकावर ए असेल तिथे समोर टी, जी असेल तिथे समोर सी. पदर सुटले की पॉलिमरेज प्रत्येकाच्या समोर त्याचा जोडीदार रचते. म्हणजे आहे त्याच्यासारखा पदर तयार होत नाही, त्याच्या समोरचा होतो. ‘प्रत’ आली आहे ‘प्रति’वरून, आणि समोरचा, उलट बाजूचा हा ‘प्रति’चा अर्थ ‘प्रतिबिंब’, ‘प्रतिपक्ष’ या शब्दांत अजून ताजा आहे. दोन पदरांच्या या नात्याला शास्त्रात ‘पूरक’ म्हणतात. तोही वर आलेल्या ‘पुरे’च्याच घरातला.

पॉलिमरेजची एक अडचण आहे. कोऱ्या जागेवर त्याला सुरुवात करता येत नाही. आधी जोडलेले एखादे टोक लागते, मगच ते पुढे अक्षरे जोडते. ते टोक पुरवणारा साधारण वीस अक्षरांचा तुकडा म्हणजे ‘प्रायमर’. भिंतीला रंग देणारे कारागीर हाच शब्द रोज वापरतात. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘प्रायमस’, म्हणजे पहिला, आणि ‘प्रथम’ त्याच्या नात्यातला. डीएनएचा कुठला भाग वाढवायचा ते दोन्ही बाजूंचे दोन प्रायमर ठरवतात. माणसाच्या जनुकसंचात तीन अब्जांहून अधिक अक्षरे आहेत. त्यातून शेदोनशे अक्षरांची एक ओळ उचलून फक्त तिच्याच प्रती काढता येतात, ते या दोन तुकड्यांमुळे.

पदर सोडवायला मिश्रण ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. मग पंचावन्न-साठ अंशांवर आणले की प्रायमर आपापल्या जागी चिकटतात. या पायरीचे नाव ‘अ‍ॅनीलिंग’ धातुकामातून आलेले. ठोकून ठोकून ताठरलेले तांबे तांबट पुन्हा तापवून मऊ करतात, ते अ‍ॅनीलिंग. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता पेटवणे, आणि इथे तो आला आहे निवण्याच्या पायरीला. त्यानंतर ७२ अंशांवर पॉलिमरेज प्रत पुरी करते, की झाले एक चक्र.

कॅरी मुलिस यांना ही कल्पना १९८३ मध्ये सुचली. तेव्हा ते कॅलिफोर्नियात सीटस या कंपनीत होते. १९९३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सुरुवातीला वापरलेले पॉलिमरेज ई. कोलाय या जिवाणूचे होते. ते ९५ अंशांवर निकामी होई, म्हणून प्रत्येक चक्रात नवे घालावे लागे. यावरचा उपाय आधीच सापडलेला होता. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातील ऊन पाण्याच्या झऱ्यांत थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना सत्तर अंशांच्या आसपास सुखाने वाढणारा एक जिवाणू मिळाला. १९६९ मध्ये त्यांनी त्याला नाव दिले ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’. ‘थर्मस’चा ‘टी’ आणि ‘अ‍ॅक्वाटिकस’ची पहिली दोन अक्षरे मिळून झाले ‘टॅक’. हे टॅक पॉलिमरेज उकळीजवळ टिकते, आणि पीसीआर यंत्रावर सोपवता आली ती त्याच्यामुळे.

ग्रीक ‘थर्मोस’ म्हणजे ऊन. संस्कृतातले त्याचे रूप ‘घर्म’, आणि त्याचा मराठीत झाला ‘घाम’. तोच शब्द इराणातून फारसीच्या वाटेने ‘गरम’ होऊन आला, तर चहाचा ‘थर्मास’ युरोपातून. एकच मूळ तीन वाटांनी आपल्या घरात पोचले आहे. टॅकबद्दल शिकवताना हे सांगितले, तर ते नाव कुणाला परके वाटणार नाही.

‘चेन’ या शब्दाने मात्र घोटाळा होतो. डीएनए स्वतःच एक साखळी असल्याने वाचणाऱ्याला ती साखळी तीच वाटते. इथे साखळी आहे अभिक्रियेची. एका चक्रात झालेली प्रत पुढच्या चक्रात स्वतःच नमुना होते, म्हणून संख्या दर चक्राला दुपटीकडे जाते. सगळे जमून आले तर एका रेणूचे ३० चक्रांनंतर १०७ कोटींहून अधिक होतात. म्हणून मराठीत ‘साखळी-अभिक्रिया’ असे जोडूनच लिहावे.

कोविडच्या काळात ‘आरटीपीसीआर’ हा एकच शब्द असल्यासारखा तोंडी बसला. त्यातला ‘आरटी’ म्हणजे उलटे प्रतिलेखन. कोविडच्या विषाणूचा मजकूर आरएनएत असतो, आणि टॅकला लागतो डीएनए. तेव्हा आधी आरएनएवरून डीएनए लिहून घ्यावा लागतो. हे काम करणारे एंझाइम हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले होते.

अहवालात तेव्हा आणखी दोन अक्षरे दिसत: ‘सीटी’. काही जणांना ती छातीच्या सीटी स्कॅनची वाटली. आकडा ३५ आला की आजार फार, १८ आला की थोडा, असेही अनेकांनी समजून घेतले. वस्तुस्थिती उलट होती. विषाणूची खूण यंत्राला दिसू लागेपर्यंत किती चक्रे लागली, त्याचा तो आकडा. नमुन्यात विषाणूचा मजकूर भरपूर असेल तर थोड्या दुपटी पुरतात; जेमतेम असेल तर पुष्कळ लागतात. दहा चक्रांचा फरक म्हणजे साधारण हजार पटींचा. त्या आकड्यासमोर ‘दिसेपर्यंत लागलेल्या दुपटी’ एवढे मराठीत छापले असते, तर तो कसा वाचायचा हे घरोघरी कळले असते.