गोबर गॅसच्या नावातून खत कुठे गेलं?

आजच्या भागात इतिहास आहे, पण गड-किल्ल्यांचा नाही, शेणाचा. हसू नका. शेण चुलीत घालायचं की शेतात, या एका प्रश्नाने आपल्याकडच्या शेतकऱ्याला शंभरहून जास्त वर्षं छळलंय. आणि माझं म्हणणं असं, की त्याचं उत्तर सापडलं होतं, पण आपण ते अर्धंच ऐकलं.

सुरुवात आपल्याच पट्ट्यातून करू. उल्हासनगर म्हटलं की 1949 आठवतं, कल्याणची लष्करी छावणी आणि तिथे वसलेले सिंधी निर्वासित. अंबरनाथ म्हटलं की शिवमंदिर आणि कारखाने. पण त्याआधी बदलापूरपर्यंत सगळीकडे भातखाचरं होती. भाताचं रोप तयार करायच्या जागेवर शेतकरी आधी शेण पसरायचा, त्यावर झाडांचा टहाळ, मग गवत-पेंढा, वरून माती. उन्हाळ्यात हे सगळं पेटवून द्यायचं. हाच राब. बदलापूरच्या पुढे गावांकडे गेलात, तर पावसाळ्याआधी कुठे कुठे हा धूर अजून दिसतो.

ब्रिटिश काळात वनखात्याने जंगलातला टहाळ तोडण्यावर बंधनं आणली आणि ठाणे-कुलाब्यात असंतोष पेटला. लोकांचं म्हणणं साधं होतं: राब नाही तर भात नाही. शेवटी 1885 मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. साहेबाला वाटायचं, हा नुसता अडाणीपणा. पण तसं नव्हतं. भाजल्याने तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, रोप जोमाने येतं. फक्त शेणातलं नत्र मात्र धुराबरोबर निघून जातं.

चुलीतही तेच. 1889 मध्ये व्होल्कर नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ भारतभर शेती बघत फिरले. 1893 च्या अहवालात त्यांनी मांडलेला मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. शेतकरी शेणाच्या गोवऱ्या जाळतो, कारण त्याला सरपण मिळत नाही. खताची किंमत कळत नाही म्हणून नव्हे. म्हणजे जळणाचा प्रश्न सुटला, तर खताचा आपोआप सुटेल.

आता गंमत बघा. हा अहवाल आला, त्यानंतर चारच वर्षांनी, 1897 मध्ये, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या बंद टाकीतून निघणारा गॅस कामाला लावायचा प्रयोग झाला. पुढे 1939 च्या सुमारास दिल्लीच्या शेती संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून गॅस काढून दाखवला. 1950 च्या दशकात जशभाई पटेल यांनी वर-खाली होणाऱ्या लोखंडी टाकीचा नमुना घडवला आणि 1960 च्या दशकात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तो गावोगावी नेला. त्या आयोगाचं मुख्य कार्यालय आपल्या विलेपार्ल्यातच आहे. तिकडे कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन वेगळ्या वाटेने याच विचारापर्यंत पोचले होते. मैलासुद्धा घाण नाही, त्याचं सोनखत होतं, हे ते स्वतः सफाईकाम करून लोकांना पटवत होते.

या टाकीत नेमकं होतं काय? शेण आणि पाणी साधारण समान घालायचं. हवा न लागता जंतू त्यातला कार्बन खातात आणि मिथेन सोडतात. ही ज्वलनशील हवा चुलीला मिळते. पण नत्र, स्फुरद, पालाश टाकीतच राहतात आणि स्लरीबरोबर बाहेर येतात. तणाच्या बियांचा जोर बराच कमी झालेला असतो, वास आणि माश्याही कमी. म्हणजे तेच शेण आधी चुलीला आणि मग शेतालाही! व्होल्करच्या कोड्याचं हेच उत्तर.

मग आपण अर्धंच ऐकलं असं का म्हणतोय मी? नाव बघा ना. 'गोबर गॅस'. नावात गॅस आहे, खत नाहीच. 1981-82 पासून देशभर बायोगॅसचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, अनुदानं मिळाली, आणि मोजदाद झाली ती किती प्लांट बांधले याची. स्लरीचं काय करायचं, हे शिकवणं मागे पडलं. ती खड्ड्यात साचायची, उन्हात वाळायची. स्लरीतलं बरंचसं नत्र अमोनियाच्या रूपात असतं. ती उघड्यावर वाळली की ते उडून जातं. म्हणून ती पाटाच्या पाण्यातून थेट पिकाला द्यावी किंवा उकिरड्यात पालापाचोळ्यावर ओतून मुरवावी. एवढी साधी गोष्ट.

पुढे घरोघरी सिलिंडर आला. चुलीचं काम भागलं, तशा कितीतरी टाक्या गंजत पडल्या. ज्या घराने स्लरीला मुख्य आणि गॅसला वरकड मानलं असतं, त्याला सिलिंडर आला म्हणून टाकी बंद करायचं कारणच नव्हतं.

आता वारं थोडं बदलतंय. 2018 मध्ये केंद्राची 'गोबरधन' योजना आली. 2023 मध्ये अशा प्लांटमधून निघणाऱ्या सेंद्रिय खतासाठी टनाला 1,500 रुपये मदत जाहीर झाली. स्लरीला सरकारी हिशोबात भाव मिळाला, हे मला मोठं वाटतं. पण आपल्या पट्ट्यात गोठे कमी होतायत, खाचरांचे प्लॉट पडतायत. भाव आला आणि शेणच नाही, असं व्हायला नको.

तर या आठवड्यात एक काम करा. आजी-आजोबांना किंवा गावच्या काकांना विचारा, आपल्याकडे राब भाजायचे का? गोबर गॅसची टाकी होती का, आणि तिची स्लरी कुठे जायची? उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा. चांगली उत्तरं पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवतो. भेटूया!